मेंदूतला ढग आणि चार पेट्या

पडद्यावरचं मरण : लेखांक १७

‘व्हेंटिलेटर’ सिनेमातल्या गजाकाकांना आणखी आठवडाभर यंत्रावरच राहावं लागणार आहे. त्यांच्या मुलाचं, प्रसन्नाचं, आणि त्यांचं जे अडलं होतं, ते गेल्या रविवारी जिथं सोडलं तिथंच राहू द्या. त्या घरातली माणसं वाट बघायला सरावली आहेत, आणि एव्हाना तुम्हीही. मधेच गंगाखेडहून एका ताईंचं पत्र आलं आणि ते बाजूला सारून दुसरं काही लिहिणं मला जमेना.

ताई विचारतात, मरण आहे, हसू आहे, वर प्रेमकथाही आहे आणि शेवटी नायक-नायिका धडधाकट राहतात, असा एखादा सिनेमा या लेखमालेत येणार की नाही? ‘आनंद’ झाला, ‘इकिरू’ झाला, आता ‘व्हेंटिलेटर’ चाललाय. प्रत्येक वेळी कुणाला तरी पोचवूनच तुम्ही थांबता. रविवारच्या सकाळी आम्ही किती रडायचं?

तक्रार रास्त आहे. आणि खरं सांगायचं तर असं कुणी विचारावं म्हणून मी टपूनच बसलो होतो. ‘जो व्हर्सेस द व्होल्केनो’ नावाचा एक चमत्कारिक सिनेमा आहे. पहिल्यांदा तो मला केबलवर भेटला, अपरात्री, अर्ध्यातून आणि जाहिरातींसकट. नंतर किती वेळा पाहिला याचा हिशोब घरचे ठेवतात.

१९९०च्या मार्चमध्ये तो अमेरिकेत लागला. लेखक-दिग्दर्शक जॉन पॅट्रिक शॅन्ली. ‘मूनस्ट्रक’च्या पटकथेला ऑस्कर मिळालेला हा नाटककार, दिग्दर्शक म्हणून मात्र ही त्याची पहिलीच खेप. पाठीशी स्पीलबर्गची कंपनी, नायक टॉम हँक्स, नायिका मेग रायन. ही जोडी पुढे ‘स्लीपलेस इन सिएटल’ आणि ‘यू हॅव गॉट मेल’मुळे जगभर गाजली, पण ती जमली इथं. बहुतेक समीक्षकांनी नाकं मुरडली. रॉजर एबर्टसारखा एखादाच हरखून गेला. शॅन्लीनं त्यानंतर दुसरा सिनेमा दिग्दर्शित केला तो थेट २००८ मध्ये, ‘डाउट’. मधली अठरा वर्षं या माणसाला कुणी पुन्हा खुर्चीवर बसवलं नाही, की तो स्वतःच बसला नाही, कोण जाणे. पण पहिल्या सिनेमाचे भक्त मात्र हळूहळू वाढत गेले. मी त्यातलाच.

गोष्ट अशी. जो बँक्स नावाचा माणूस वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या एका कारखान्यात जाहिरात विभागात काम करतो. सकाळची वेळ, सगळीकडे करडा उजेड, चिखल. माना खाली घातलेल्या माणसांची रांग एका वाकड्यातिकड्या वाटेनं फाटकाकडे सरकते आहे. जोच्या बुटाचा तळ निघून हातात येतो. आत कचेरीत ट्यूबलाइटचा तो हिरवट, डोळ्यांत बोचणारा प्रकाश. साहेब फोनवर कुणाशी तरी बोलतोय आणि एकच वाक्य फिरवून फिरवून म्हणतोय. तो माणूस काम मिळवेल, पण त्याला काम जमेल का, एवढाच त्याचा आशय. शॅन्ली हे संभाषण इतकं लांबवतो की आधी हसू येतं, मग राग येतो आणि मग आपली स्वतःची कचेरी आठवते. कॉफी इतकी वाईट की तिच्याकडे बघूनच कळावं. जो घरून एक रंगीत दिवा आणून टेबलावर ठेवतो. साहेबाला तो चालत नाही. कामाच्या जागी दिवा कशाला?

निशिकांत कामतच्या ‘डोंबिवली फास्ट’ची सुरुवात आठवा. तोच गजर, तीच लोकल, तोच डबा, तीच बँक, पुन्हा तोच गजर. २००५ साली माधव आपटेला बघताना माझ्या शेजारी बसलेला मित्र पुटपुटला होता, ‘हा माणूस एक दिवस फुटणार.’ फुटलाच. माधव आपटे क्रिकेटची बॅट घेऊन रस्त्यावर उतरतो आणि तिथून परतीची वाट नसते. जो बँक्स फुटत नाही, त्याला रोज काही ना काही दुखत असतं. कधी डोकं, कधी घसा, कधी नुसतीच कणकण. डॉक्टर बदलत बदलत तो एका मोठ्या डॉक्टरकडे पोचतो. डॉक्टर सांगतो की तुझी सगळी दुखणी मनाची आहेत, तुला काहीही झालेलं नाही. फक्त तुझ्या मेंदूत एक ढग आहे. त्याची लक्षणं नाहीत, त्यावर उपाय नाही. पाच-सहा महिने हिंडशील-फिरशील, मग संपशील.

जो बाहेर येतो आणि रस्त्यात दिसलेल्या एका भल्यामोठ्या कुत्र्याला मिठी मारतो. मग कचेरीत जाऊन राजीनामा देतो. त्याचं ते भाषण ऐकण्यासारखं आहे. आठवड्याला तीनशे डॉलर एवढ्याला आपण आयुष्य विकलं, हा हिशोब तो सगळ्यांसमोर मांडतो आणि जाताजाता भेदरलेल्या टायपिस्ट मुलीला, डीडीला, रात्री जेवायला येतेस का म्हणून विचारून टाकतो. इतकी वर्षं जीभ रेटली नव्हती. जेवण झकास होतं. मग तो तिला सांगतो की आपण मरणार आहोत, आणि ती उठून घरी जाते. तिला उद्या कामावर जायचंय.

इथपर्यंत तुम्हाला ‘इकिरू’तले वातानाबे आठवले असतील. तीच कचेरी, तेच कागद, तोच निकाल. पण कुरोसावाच्या म्हाताऱ्याला खरोखर कॅन्सर असतो आणि त्याला उरलेल्या दिवसांत मुलांसाठी एक बाग करायची असते. जोला काहीच करायचं नसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या दारावर थाप पडते आणि सिनेमा दुसऱ्याच रस्त्याला लागतो.

दारात ग्रेनामोर नावाचा अब्जाधीश. याच्या कारखान्याला एक दुर्मीळ खनिज लागतं. ते प्रशांत महासागरातल्या वापोनी वू नावाच्या बेटावर मिळतं. बेटावरच्या लोकांना बदल्यात एक माणूस हवाय. दर शंभर वर्षांनी त्यांच्या ज्वालामुखीत कुणीतरी राजीखुशीनं उडी घ्यावी लागते, नाहीतर बेट बुडेल अशी त्यांची श्रद्धा, आणि त्यांच्यातलं कुणी उडी घ्यायला तयार नाही. ग्रेनामोर म्हणतो, तू नाहीतरी मरणारच आहेस. हे घे क्रेडिट कार्डं, हवं तेवढं उधळ, राजासारखा राहा. माझ्या बोटीनं बेटावर जा आणि उडी मार.

ही गोष्ट मी पाडव्यानंतर धर्मापुरीत आमच्या गल्लीतल्या एका भाऊंना ओट्यावर बसून सांगत होतो. ते दर दसऱ्याला टोळीबरोबर साखर कारखान्यावर ऊस तोडायला जातात, जोडीनं, म्हणजे एक कोयता. त्या आठवड्यातच परतले होते. इथवर ऐकलं आणि मला थांबवून म्हणाले, ‘म्हणजे उचल घेतली म्हणा की वो सर त्यानं.’

इतकी वर्षं मी या सिनेमाला परीकथा समजून बघत आलो होतो. बाहेरही जे थोडंफार लिहिलेलं वाचलं, त्यातही परीकथाच. भाऊंच्या एका वाक्यानं सगळा सिनेमा माझ्यासमोर नव्यानं उभा राहिला. आणि ते वाक्य जसजसं ताणून बघावं तसतसं ते तुटत नाही, उलट पुरून उरतं.

आपल्या बीड जिल्ह्यातल्या वाचकाला उचल समजावून सांगायची गरज नाही, पण ही लेखमाला लांबही जाते म्हणून दोन ओळी. हंगाम सुरू व्हायच्या आधी मुकादम नवरा-बायकोला मिळून एक रक्कम देतो. ती बहुधा लग्नात, दवाखान्यात, आधीच्या देण्यात, घराच्या पत्र्यात खर्च होऊन जाते. मग पाच-सहा महिने कोपीत राहून, उसाच्या मोळ्या बांधून, रात्री-बेरात्री गाड्या भरून ती फेडायची. आजारी पडलात तर खाडा, म्हणजे त्या दिवसाचे पैसे उलटे कापले जाणार. हंगाम संपला आणि रक्कम फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर. पैसा आधी मिळतो, अंग नंतर द्यायचं असतं.

आता जोकडे बघा. न्यूयॉर्कमधल्या भारी दुकानांतून तो दिवसभर सूट, टोप्या, छत्र्या घेत फिरतो. मोटारीचा चालक, ओसी डेव्हिसनं झकास रंगवलेला मार्शल, त्याला कपडे कसे निवडावेत ते शिकवतो, पण आधी बजावतो की तू कोण आहेस ते तुलाच ठरवावं लागेल, मी सांगणार नाही. संध्याकाळी सगळं घेऊन झाल्यावर जो त्यालाच जेवायला बोलावतो. मार्शलला बायकोमुलं आहेत, तो घरी जातो. खिशात अमर्याद पैसा आणि जेवायला सोबत कुणी नाही. उचल अंगावर घेतलेल्या माणसाची पहिली रात्र इतकी नेमकी मी दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिलेली नाही.

आणि सुरुवातीला, त्या चिखलातल्या रांगेवर, कुठलं गाणं वाजतं? ‘सिक्स्टीन टन्स’. अमेरिकेतल्या कोळसा खाणीच्या कामगाराचं हे गाणं मर्ल ट्रॅव्हिसनं १९४६ साली ध्वनिमुद्रित केलं आणि १९५५ मध्ये टेनेसी अर्नी फोर्डनं ते घरोघर नेलं. त्या काळी खाणींच्या वसाहतींत दुकानही कंपनीचंच असे. पगारातून उधारी वळती व्हायची आणि उधारी कधीच संपायची नाही. गाण्यातला माणूस त्या दुकानाच्या वहीत गहाण पडलेला आहे. शॅन्लीनं हे गाणं सहज टाकलेलं नाही. सिनेमा कशावर आहे ते त्यानं पहिल्या दोन मिनिटांतच सांगून ठेवलंय, फक्त ते ऐकायला धर्मापुरीतला कान लागला.

मेग रायनचं कोडंही या किल्लीनं सुटतं. गंगाखेडच्या ताईंनी सिनेमा पाहिला तर त्यांचा पहिला प्रश्न हाच असेल म्हणून आधीच लिहितो. तिच्या इथं तीन भूमिका आहेत. कचेरीतली काळ्या केसांची डीडी, लॉस एंजेलिसमध्ये जोला उतरवून घेणारी तांबड्या केसांची अँजेलिका, आणि त्याला बेटावर नेणाऱ्या बोटीची कप्तान, सोनेरी केसांची पॅट्रिशिया. शेवटच्या दोघी ग्रेनामोरच्या मुली. ‘तो मी नव्हेच’मध्ये पणशीकर पाच रूपांत येत, ते लखोबा लोखंडेचा बदमाशपणा दाखवायला. आपल्या औरंगाबादच्या लक्ष्मण देशपांडेंनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्यानं ५२ माणसं उभी केली, ती अख्खं गाव दाखवायला. इथं तीन रूपं कशाला? पुष्कळांनी लिहिलंय की नायकाला प्रत्येक बाईत तीच दिसते. असेल. मला वाटतं, तिघींच्या अंगावर उचल आहे. डीडी पगाराला बांधलेली. अँजेलिका बापाच्या पैशावर जगते, कविता करते, चित्रं काढते आणि त्या पैशाची तिला मनोमन लाज वाटते. आणि ताठ मानेची पॅट्रिशिया, जी बापाकडून काही न घेता निघून गेली होती, तीही शेवटी घेतेच. या माणसाला बेटावर पोचव, बोट तुझी, असा सौदा बापानं तिच्याशी केलेला असतो. समुद्रात रात्री ती हे जोला सांगते. आपण विकले गेलो याचं तिला झालेलं दुःख हीच या प्रेमकथेची सुरुवात आहे. तो गेलेल्या जिवाबद्दल बोलतो, ती विकलेल्या जिवाबद्दल. दोघांचं जमतं.

डॉक्टर खोटा होता, हे कळतं अगदी शेवटी. तो ग्रेनामोरचाच माणूस. मेंदूत ढग वगैरे काही नव्हतं. भाऊंच्या भाषेत मालक ग्रेनामोर, आणि मुकादम कोण, तर डॉक्टर.

खोट्या निदानाची ही युक्ती जुनी आहे. १९५०च्या ‘लास्ट हॉलिडे’त जे. बी. प्रीस्टलीनं अॅलेक गिनेससाठी हीच गोष्ट लिहिली. ‘सेंड मी नो फ्लॉवर्स’मध्ये रॉक हडसन दुसऱ्याचं निदान चोरून ऐकतो, ते आपलंच समजतो आणि बायकोसाठी दुसरा नवरा शोधायला लागतो. आपल्याकडे १९७९ मध्ये अमोल पालेकरनं ते ‘मेरी बीवी की शादी’त केलं. नावातच सगळं आलं. या सगळ्या जागी निदान चुकतं किंवा ऐकण्यात घोटाळा होतो. कुणी जाणूनबुजून खोटं सांगत नाही. शॅन्लीचा डॉक्टर जाणूनबुजून सांगतो, कारण एखाद्याकडून अंग मिळवायचं तर आधी त्याला त्याच्या अंगाची भीती घालावी लागते.

मला इथं हसू थांबवावंच लागतं, कारण हे आपल्या जिल्ह्यात घडून गेलंय. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या देशभर गेल्या. पाळीच्या दिवसांत खाडा पडतो, दुखणं अंगावर काढायला सवड नाही, आणि डॉक्टरकडे गेलं की पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल, ही भीती. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. कित्येकींनी त्या शस्त्रक्रियेसाठीही उचलच घेतलेली होती. ‘मेंदूतला ढग’ ऐकून प्रेक्षागृह हसतं, कारण असा आजारच नसतो. आपल्याकडच्या बाईला सांगितलेला आजार मात्र असतो, आणि म्हणून ती हसत नाही, ती कर्ज काढते. या विषयावर कुणी मराठीत सिनेमा केलाच तर तो रडका होईल याची मला खात्री आहे, आणि तो रडका नसावा अशी माझी इच्छा आहे. का, ते आता मला नीट सांगता येणार नाही. पुढं कधीतरी.

आता पेट्या. सिनेमातला माझा सर्वांत लाडका प्रसंग सामानाच्या दुकानातला आहे. दुकानदार, बॅरी मॅकगव्हर्न नावाचा आयरिश नट. हा एरवी सॅम्युएल बेकेटच्या नाटकांसाठी नावाजलेला, आणि तेच बेकेटी गांभीर्य घेऊन तो प्रवासी पेटी विकतो. प्रवास कसला, किती दूरचा, परत यायचंय का, असं खोदून खोदून विचारतो. जो सांगतो ते ऐकून त्याचे डोळे लकाकतात. मग तो एका मोठ्या ट्रंकेवरचा पडदा सरकवल्यागत तिची ओळख करून देतो. हातानं बनवलेली, पाणी न शिरणारी. जो म्हणतो, चार द्या. पाच-सहा महिन्यांचं आयुष्य उरलेल्या माणसाला चार ट्रंका कशाला, असा प्रश्न तिथं कुणालाच पडत नाही.

वादळात वीज पडून बोट बुडते. खलाशी गेले, पॅट्रिशिया बेशुद्ध. आणि पाण्यातून एकेक करत चारही ट्रंका वर येतात. जो त्या बांधून तराफा करतो. मग दिवसामागून दिवस. छत्री आहे, रेडिओ आहे, पाणी मात्र एकच बाटली. ते तो बाटलीच्या टोपणानं मोजून तिला पाजतो, स्वतः पीत नाही. (दहा वर्षांनी हाच हँक्स ‘कास्ट अवे’मध्ये पुन्हा तराफ्यावर चढला. तिथं सोबतीला चेंडू होता. इथली सोबत बरी.) उन्हानं ओठ फुटलेत, डोकं ठिकाणावर नाही, आणि एका रात्री क्षितिजावरून चंद्र वर यायला लागतो. केवढा? पडदा व्यापून टाकेल एवढा. जो कसाबसा उभा राहतो, दोन्ही हात वर करतो आणि ज्या देवाचं नावही त्याला ठाऊक नाही त्याचे जगायला दिल्याबद्दल आभार मानतो.

जॉर्ज देलरूचं संगीत इथं हलकेच येतं. चंद्र उघड उघड खोटा आहे, स्टुडिओतला आहे. तो खरा दिसावा म्हणून छायाचित्रकार स्टीफन गोल्डब्लॅटनं काहीएक खटपट केलेली नाही, आणि बरंच केलं. पहिल्या अर्ध्या तासात कचेरीतली प्रत्येक गोष्ट खरी होती आणि जो मेलेला होता. ‘आनंद’मध्ये मरणारा माणूस इतरांना जगायला शिकवतो, आपण त्याला सोडून बाकीच्यांकडे बघत रडतो. जोकडून कुणीच काही शिकत नाही. तो तिथं एकटा आहे, त्याला बघणारी एकुलती एक बाई बेशुद्ध आहे, तरी त्याचं काम झालेलं आहे. या चंद्रापाशी सिनेमा संपला असता तरी मला चाललं असतं.

पण ज्वालामुखी बाकी आहे, आणि त्याआधी एका शाळकरी वाचकाचा प्रश्न. मागे एका लेखांकात मी या सिनेमाचा नुसता उल्लेख केला होता, त्यावर त्यानं विचारलं होतं की आपल्याकडे ज्वालामुखी कुठे आहे? लोणार का?

लोणार नव्हे. ते उल्केच्या आघातानं पडलेलं विवर. पण तुझ्या पायाखाली बघ. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनची जमीन ठिकठिकाणी भेगाळली आणि त्या भेगांतून लाव्हा वाहत राहिला, थरावर थर. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे. आपला बालाघाट त्याचाच. अंबाजोगाईचा घाट उतरताना रस्त्यासाठी कापलेल्या कड्याकडे पाहिलं तर हे थर एकावर एक मोजता येतील. आमच्या धर्मापुरीचं केदारेश्वराचं चालुक्यकालीन देऊळ याच काळ्या दगडाचं. बाहेरच्या भिंतीवरच्या सुरसुंदऱ्या, त्यांच्या कमरेच्या मेखला, सगळं थिजलेल्या लाव्ह्यातून कोरलेलं. गावच्या किल्ल्याच्या तटातही जुन्या देवळांचे कोरीव दगड चिणलेले दिसतात. म्हणजे आम्ही ज्वालामुखीवरच नांदतो, त्याचीच चूल मांडतो, त्याच्यावरच कापूस आणि ज्वारी पेरतो. ती काळी माती तरी दुसऱ्या कशाची? फरक एवढाच की इथला लाव्हा भेगांतून आला, त्याला सिनेमात असतो तसा सुळका आणि तोंड नव्हतं. जो बँक्स इकडे आला असता तर उडी कुठं मारायची हे विचारत गावोगाव हिंडला असता.

उड्या मात्र आपल्याकडे मारल्या गेल्यात. ओंकारेश्वरला नर्मदेतल्या मांधाता बेटावर बीरखळा नावाचा कडा आहे. भैरवाला वाहून घेतलेले लोक त्यावरून खाली झेप घेत. १८२४ नंतर ती चाल बंद पडली. तेव्हा वापोनींची कल्पना अगदीच हवेतली नाही.

हवेतली आहे ती वापोनींची मांडणी. इथं माझं आणि शॅन्लीचं बिनसतं. बेटावरचे लोक म्हणे फार पूर्वी भरकटलेल्या जहाजातले रोमन, ज्यू आणि ड्रुइड यांचे वंशज, आणि त्यांचा जीव संत्र्याच्या सोड्यावर. सोड्याचे डबे अंगावर बांधून ते पाहुण्याचं स्वागत करतात. हसू येतं, नाही असं नाही, पण ज्या सिनेमानं पगारी माणसाला इतकं बारकाईनं बघितलं त्यानं या लोकांकडे बघितलंच नाही. शिवाय खनिज त्यांच्या जमिनीतलं, त्यांना मिळणार सोडा, हा सौदा सिनेमाला कुठंच टोचत नाही. एकच जागा चांगली आहे. उडीच्या आधी मुखिया आपल्या लोकांना शेवटचं विचारतो, या परक्याऐवजी तुमच्यातलं कुणी जाणार का? सगळे इकडेतिकडे बघतात. देवासाठी कुणीतरी मरायला हवं यावर एकमत आहे, फक्त ते आपल्या घरातलं नको.

पॅट्रिशिया म्हणते, माझं तुझ्यावर प्रेम आहे. जो म्हणतो, माझंही आहे, पण वेळ चुकली. तिथंच, त्या तोंडावर, मुखिया त्यांचं लग्न लावून देतो. मग ती म्हणते, मीही येणार. हात धरून दोघं उडी मारतात आणि ज्वालामुखी त्यांना थुंकून टाकतो. थेट समुद्रात. बेट बुडतं. पाठोपाठ त्या चार ट्रंका पाण्यातून वर येतात. तराफ्यावर बसून बोलता बोलता उलगडतं की तो डॉक्टर पॅट्रिशियाच्या बापाचा ओळखीचा, की सगळं बनावट होतं, की जोला काहीही झालेलं नाही. आणि सगळ्यांत गंमत म्हणजे आता तो घाबरतो. मरण समोर होतं तोवर ठीक चाललं होतं. आता पुढची चाळीस-पन्नास वर्षं काय करायचं? पॅट्रिशिया म्हणते, बघू.

हे सगळं मी ओट्यावर भाऊंना सांगितलं. चंद्र सांगताना मी जरा जास्तच रंगलो होतो. भाऊंना चंद्राचं फारसं काही वाटलं नाही. फडात रात्रीच्या गाड्या भरताना तो रोजच दिसतो, म्हणाले. ट्रंका आवडल्या. आपण पत्र्याची पेटी नेतो तिच्यात पहिल्याच पावसात पाणी शिरतं, तिचा कारखाना कुठाय विचारलं.

मग म्हणाले, ‘बेट बुडालं. म्हणजे मालकाचं ते खनिजपण बुडालं?’

‘बुडालं.’

‘आन् ह्यानं उडी तर मारली, पण मेला नाही.’

‘नाही मेला.’

‘मग उचल फिटली का नाही?’

मी सिनेमा पुन्हा लावून पाहिला. ग्रेनामोर शेवटी कुठंच येत नाही. कार्डांचं बिल येत नाही. शॅन्लीनं तो हिशोब मोकळाच सोडलाय. हे भाऊंना सांगितलं तर ते हसले. ‘दसऱ्याला येतो की न्हाई बघा त्यो मुकादम. पेट्या ओळखून बरोबर येतोय.’

गजाकाका पुढच्या रविवारी. आणि गंगाखेडच्या ताई, मराठीतच प्रेम आणि मरण एकत्र हवं असेल तर २०१५चा ‘वेलकम जिंदगी’ आहे, ‘हेमलॉक सोसायटी’ या बंगाली सिनेमावरून केलेला. त्यात स्वप्नील जोशी मरायचं कसं याची शाळा चालवतो. त्यावर एक आख्खा लेखांक होईल. कधी, ते विचारू नका.